सुट्टीची रंगीत तालीम

"तिकीट काय, कोणीही काढतं. तारीख ठरवायला डोकं लागतं." खांबसाहेब हे वाक्य गेली कित्येक वर्षं बायकोला ऐकवत आले होते. एवढं डोकं असूनही त्यांच्या हातून एक तारीख काही ठरली नव्हती.

तारीख हवी होती बोटीच्या सहलीची. मोठ्या पांढऱ्याशुभ्र क्रूझवर आठवडाभर राहायचं, चहूकडे पाणी, सकाळी उठून डबा नाही, भांडी नाहीत, दाराची बेल नाही, एवढंच बायकोचं मागणं होतं. ती दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटना तारखा द्यायच्या कामाला होती. पेशंटची भीती कमी व्हावी म्हणून डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर दिवसभर समुद्र लावून ठेवलेला असे. त्यानं भीती कमी झालेला पेशंट अजून कोणी पाहिला नव्हता, पण तारखा देणाऱ्या बाईंना मात्र समुद्राचं वेड लागलं.

खांबसाहेबांचं म्हणणं एवढंच, की नाही कोण म्हणतंय, फक्त वेळ योग्य हवी. उन्हाळ्यात डेकवर माणूस भाजून निघतो. पावसाळ्यात समुद्र खवळतो. थंडीत गर्दी फार, आणि गर्दीतच जायचं तर बोट कशाला, बाजारात जावं. गर्दी नसते तेव्हा जावं, तर लोक तेव्हा का जात नाहीत याचा आधी तपास करायला हवा. एका वर्षी वादळाची बातमी आली. ते वादळ दुसऱ्याच महासागरातलं निघालं, तरी यांनी मनाला लावून घेतलं. एकदा हवा, भाडं, सुट्टी, तब्येत सगळं जुळून आलं, तेव्हा म्हणाले, "इतकं सगळं जुळतं ना, तेव्हाच घात होतो." आता अशा माणसापुढे समुद्रानं तरी काय करावं?

पण हवापाणी हे वरवरचं झालं. मुळाशी होती लॉन्ड्री. गावाच्या टोकाला वाफेवर चालणारी मोठी लॉन्ड्री होती. हॉटेलं, हॉस्पिटल, वसतिगृहं यांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल तिथं यायचे, धुऊन वाळून गरम रुळांमधून दाबून निघायचे आणि घडी होऊन परत जायचे. खांबसाहेब तिथले सर्वांत जुने सुपरवायझर. लोखंडी जिना चढून गेलं की वर एक गॅलरी होती आणि तिथं त्यांची खुर्ची. थोरले मालक कधीतरी एका समारंभात "हे आमच्या लॉन्ड्रीचे आधारस्तंभ" असं बोलून गेले आणि दुसऱ्या दिवसापासून कामगार त्यांना खांबसाहेब म्हणू लागले. त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे त्यांनी कधी तपासलं नाही. खांबाला खाली वाकून बघायची सवय नसते.

त्यांची खरी मिरास म्हणजे रंगीत दोरे. मळकट कपड्यांचा गठ्ठा आत आला की खांबसाहेब स्वतः जिना उतरून त्याला दोरा बांधत. लाल दोरा हॉस्पिटलचा, निळा बड्या हॉटेलचा, हिरवा वसतिगृहाचा. हॉस्पिटलच्या चादरीला वेगळं औषध, वेगळी वाफ, आणि धुतल्यावर ती बरोब्बर हॉस्पिटलातच परत जायला हवी. ही पद्धत त्यांनीच तरुणपणी बसवली होती आणि आजतागायत दोरा बांधायला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नव्हता. दोरे आहेत म्हणून लॉन्ड्री आहे आणि मी आहे म्हणून दोरे आहेत, असा त्यांचा साधा हिशेब होता. घरात त्यांचं कोणी फारसं ऐकत नसे. चार मित्र नव्हते, छंद नव्हता, निवृत्ती दाराशी येऊन उभी होती. आपल्यावाचून कुठेतरी काहीतरी अडतं, एवढ्या एका समजुतीवर गडी उभा होता. ती समजूत काढून घेतली असती तर खाली काय उरलं असतं, हा प्रश्न त्यांना पडत नसे, आणि पडू नये म्हणूनच ते सुट्टी घेत नसत.

यंदा मात्र बायकोनं पदर खोचला.

"धाकटी म्हणतेय, ताई, तुझे हे येत नसतील तर मी येते. तिची सगळी तयारी आहे."

"अगं, पण मी येणारच आहे. फक्त लॉन्ड्रीचं बघून..."

"दवाखान्यात मी रोज बघते," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "दाढ किडलेली असते आणि माणूस तारीख पुढे पुढे ढकलत असतो. म्हणतो, काम आहे. काम काही नसतं, भीती असते. आणि शेवटी दाढ काढावीच लागते."

"इथं दाढेचा काय संबंध?"

"ते तुम्ही ठरवा. रविवारपर्यंत तारीख सांगा. नाही सांगितलीत, तर मी सांगेन."

खांबसाहेबांनी विचार केला. खूप विचार केला. आणि त्यांच्या डोक्यातून अशी एक युक्ती निघाली, की ती निघाली नसती तर त्यांचं म्हातारपण बरं गेलं असतं. नाटकाची जशी रंगीत तालीम असते तशी सुट्टीचीही घ्यायची! दोन-चार दिवस गुपचूप घरी बसायचं आणि लॉन्ड्रीत कुठं, काय, किती अडतं ते बघायचं. जेव्हा कमीत कमी अडेल, ती बोटीची तारीख. किती शास्त्रशुद्ध! निदान बायकोला सांगायला तरी.

मनातून त्यांची खात्री होती की पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत हलकल्लोळ माजेल. मग मालकीणबाईंचा फोन येईल, "साहेब, असाल तसे या." मग बायकोकडे वळून, "बघितलंस?" एवढंच म्हणायचं. आवाज न चढवता म्हणायचं हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

सोमवारी त्यांनी मालकीणबाईंना पाठ दुखत असल्याचं सांगितलं. मालकीणबाई म्हणजे थोरल्या मालकांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या जागी आल्या होत्या, बोलायला मऊ आणि कामाला चटपटीत. "अगदी बरं वाटेपर्यंत घरी राहा हं," त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी जरा जास्तच चटकन म्हटलं, असं खांबसाहेबांना वाटून गेलं. तिथंच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. आपोआप हलकल्लोळ माजायला एखादवेळी उशीर झाला तर? पाण्याला उतार करून दिला तर ते लवकर वाहतं. संध्याकाळी सगळे हातपाय धुवायला गेले असताना ते खाली उतरले आणि त्यांनी गठ्ठ्यांचे दोरे बदलले. हॉस्पिटलच्या गठ्ठ्यांना निळे, बड्या हॉटेलच्या गठ्ठ्यांना लाल.

आता उद्या बड्या हॉटेलात नव्या जोडप्याला हॉस्पिटलचा शिक्का मारलेली चादर मिळणार होती, आणि पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट नक्षीदार अभ्र्यावर डोकं ठेवणार होता. हे आपण बरं करत नाही, असं एकदा त्यांच्या मनात आलं. पण कोणी मरत तर नाही ना यानं, असं म्हणून त्यांनी मनाला गप्प केलं. घरी येऊन बायकोला म्हणाले, "काही दिवस घरी आहे. तारखेचंच काम काढलंय."

खोटं एक अक्षर नव्हतं यात. पण इतक्या वर्षांत लॉन्ड्री सोडून घरी न बसलेला नवरा बोटीच्या तारखेसाठी सुट्टी घेतो म्हटल्यावर बायकोनं त्याचा काय अर्थ घ्यावा? तिनं चहात नेहमीपेक्षा जास्त दूध घातलं.

मंगळवारी सकाळी खांबसाहेब फोन समोर ठेवून बसले. आवाज पूर्ण मोठा केला, चार्जर लावला. दहा वाजता गठ्ठे फुटत असतील. अकराला मशीन भरत असेल. बाराला कोणीतरी ओरडलं असेल. एक वाजता फोन यायला हवा होता. एकला बायको दवाखान्यातून जेवायला आली तेव्हा फोन गप्प होता आणि खांबसाहेब त्याच्याकडे टक लावून बसले होते.

"आला का?" तिनं विचारलं.

"येईल. अजून दुपार आहे."

"घाई नको," ती लाजल्यासारखी हसली. तिला वाटलं, नवरा सहल कंपनीच्या फोनची वाट बघतोय, तिकिटं पक्की करतोय, आणि आपल्याला एकदम चकित करणार आहे. माणसानं वर्षानुवर्षं काही केलं नाही की थोडंसं केल्याच्या नुसत्या संशयानंही घरचे विरघळतात.

तीनला खांबसाहेबांना शंका आली की फोनच बिघडलाय. त्यांनी बायकोला स्वयंपाकघरातून फोन लावायला सांगितला. फोन एवढ्यानं खणखणला की ते खुर्चीतून उडाले.

"हॅलो," स्वयंपाकघरातून आणि फोनमधून एकदमच आवाज आला, "ऐकू येतंय?"

"येतंय," खांबसाहेब खिन्नपणे म्हणाले.

बुधवारी फोन आला. नंबर लॉन्ड्रीच्या व्हॅनच्या ड्रायव्हरचा होता! खांबसाहेबांनी तो तीनदा वाजू दिला, घसा साफ केला आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, "बोल रे. काय झालं? घाबरू नको, सगळं नीट सांग."

"साहेब, जरा अडचण होती."

"मला माहीतच होतं. कुठं, हॉटेलात का हॉस्पिटलात?"

"नाही, गॅलरीत. तुमची खुर्ची आहे ना, तिच्यावर आम्ही ओले हातमोजे वाळत घालतोय, तिथं वारा छान येतो. एक पाय हलतो तिचा. खिळा मारला तर चालेल का?"

खांबसाहेबांनी खिळा मारायला परवानगी दिली. दुसरं काय देणार?

"बाकी सगळं ठीक?" त्यांनी विचारलं.

"एकदम ठीक. तुम्ही आराम करा."

ठीक म्हणजे? लाल-निळ्याचं काय झालं? हॉटेलवाले आंधळे आहेत का? बरं, स्वतः फोन करून विचारावं तर बिंग फुटणार. खांबसाहेब शेजारच्या मास्तरांकडे गेले, माझा फोन नीट चालत नाही असं सांगून त्यांचा फोन घेतला, तोंडावर रुमाल धरला आणि लॉन्ड्रीच्या ऑफिसात लावला. ऑफिसातली मुलगी फोनवर आली.

"मी हॉटेलातून बोलतोय," खांबसाहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आमच्याकडे हॉस्पिटलच्या चादरी आल्यात. गिऱ्हाईक ओरडतंय. हा काय सावळागोंधळ आहे? तुमचे ते सुपरवायझर कुठे आहेत? त्यांना ताबडतोब बोलवा. त्यांच्याशिवाय हे निस्तरणार नाही."

"साहेब," मुलगी हळू आवाजात म्हणाली, "ताप आलाय का तुम्हाला?"

खांबसाहेबांनी फोन ठेवला. मास्तर वर्तमानपत्राआडून बघत होते. "नोकरी बदललीत वाटतं," ते म्हणाले. "हॉटेल बरं असतं या वयात, खाणंपिणं फुकट."

इकडे बायकोचं वेगळंच चाललं होतं. तिनं धाकट्या बहिणीला कळवून टाकलं, "तू राहू दे गं, हे स्वतःच तिकिटं काढतायत." डॉक्टरांकडून रजा मागून घेतली. उन्हाची मोठी टोपी आणली आणि कपाटाच्या आरशासमोर ती घालून बघितली. बुधवारी संध्याकाळी नवऱ्याचा पडलेला चेहरा पाहून तिला वाटलं, तिकिटं मिळत नाहीयेत. बिचारे किती लावून घेतात, असं म्हणून तिनं स्वतःच सहल कंपनीला फोन केला आणि पुढच्या आठवड्यात निघणाऱ्या बोटीची दोन तिकिटं काढून मोकळी झाली. तिला दोन मिनिटं लागली. हे ती नवऱ्याला सांगणार नव्हती. रविवारी ते तारीख सांगतील, ती कोणतीही असो, मग हसत हसत आपली सांगायची, असा तिचा बेत होता.

गुरुवारी सकाळी खांबसाहेबांना राहवेना. पाठ धरून, थोडं वाकून, आजारी माणसाला शोभेल असे ते लॉन्ड्रीत शिरले. आत नेहमीसारखी वाफ, नेहमीसारखा आवाज. कोणी रडत नव्हतं, कोणी पळत नव्हतं. त्यांनी बांधलेले निळे दोरे हॉस्पिटलच्या ढकलगाडीवर एका कोपऱ्यात पडले होते आणि गाडीत हॉस्पिटलच्याच चादरी होत्या, नीट घडी घातलेल्या. लाल दोरा गळ्यात अडकवून एक कामगार हॉटेलचे टॉवेल हॉटेलच्या गाडीत भरत होता. म्हणजे दोरे चुकीचे होते आणि चादरी बरोबर होत्या.

मालकीणबाई ऑफिसातून धावत आल्या. "अहो, तुम्ही कशाला आलात? बसा, बसा."

"दोरे," खांबसाहेब म्हणाले. "दोरे उलटे बांधले गेले होते. पाठ दुखत होती ना, त्या नादात. मग चादरी बरोबर कशा गेल्या?"

मालकीणबाईंनी खुर्ची पुढे केली. त्या अशा काही बघत होत्या, की त्यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेब, चादरींच्या शिवणीत चिप आहेत. बटणाएवढ्या. दारातल्या चौकटीतून गठ्ठा गेला की कोणाची चादर, कितीदा धुतली, सगळं मशीनला कळतं. दोन वर्षं झाली. आपण मीटिंगही घेतली होती त्यासाठी. तुम्ही होतात की."

होते खरे. पण ती चौकट चोरी पकडायला बसवलीय, अशी खांबसाहेबांनी समजूत करून घेतली होती. दोन वर्षांत ती कोणावर ओरडली नाही, याचं श्रेयही त्यांनी आपल्या देखरेखीला देऊन टाकलं होतं.

"मग माझे दोरे?"

"बाबांनी सांगून ठेवलं होतं," मालकीणबाई खाली बघत म्हणाल्या, "की त्यांच्या दोऱ्यांना हात लावू नकोस. बांधू देत. त्यांना बरं वाटतं."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण झाकलेल्या कोंबड्याला आपल्यावाचून उजाडत नाही असं वाटत असतं, आणि त्याच्या समजुतीसाठी लोक टोपली रोज सकाळी प्रेमानं उचलत असत, हे कळल्यावर त्या कोंबड्यानं कोणाकडे बघावं? खांबसाहेबांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि विषय बदलायचा म्हणून म्हणाले, "बायको बोटीच्या सहलीचं म्हणतेय. कधी गेलो तर चालेल?"

"कधीही," मालकीणबाईंचा चेहरा उजळला. "अगदी कधीही जा. हव्या तितक्या दिवसांसाठी जा. तारीख कळवा, मी सुट्टी टाकते."

वर्षानुवर्षं ज्या प्रश्नानं घर हलवून सोडलं होतं, त्याचं उत्तर एका शब्दात मिळालं होतं. याच्याइतका कडू शब्द खांबसाहेबांनी जन्मात ऐकला नव्हता. इतके दिवस आपल्यावाचून अडतं म्हणून जाता येत नव्हतं. आता आपल्यावाचून अडत नाही म्हणून जाणार तरी कसं? आठवडाभर जाऊन यायचं आणि परत आल्यावर कोणी "कुठे होतात?" असंही विचारायचं नाही? दोन दिवसांत खुर्चीवर हातमोजे वाळत घातले गेले होते. आठवड्यात खुर्चीच गेली असती.

घरी येईपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं. बायको दारातच उभी होती.

"काय म्हणाले लॉन्ड्रीत?"

"हाहाकार," खांबसाहेब म्हणाले आणि खुर्चीत बसले. "हॉटेलाच्या चादरी हॉस्पिटलात, हॉस्पिटलच्या हॉटेलात. मालकीणबाई रडायच्या बाकी होत्या. म्हणाल्या, साहेब, काही झालं तरी तुम्ही कुठे जाऊ नका. यंदा जमेल असं दिसत नाही. मी तरी काय करू?"

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असं? बरं."

एवढंच. भांडण नाही, रुसवा नाही. खांबसाहेबांना सुटल्यासारखं वाटलं. शुक्रवारी तिनं विचारलं, "लॉन्ड्रीत खरंच इतकं अडतं?" ते म्हणाले, "फारच." शनिवारी तिनं पुन्हा विचारलं, "काही सांगायचं राहिलंय का तुम्हाला?" ते म्हणाले, "नाही बुवा." रविवारी सकाळी ती म्हणाली, "मी धाकटीबरोबर जातेय. परवा बोट निघते. तुमच्यावाचून अडतंय, तेव्हा तुम्हाला आग्रह करणं बरं नाही."

अडत नाही म्हणावं तर लाज जाते, अडतं म्हणावं तर बायको जाते. त्यांनी बायको जाऊ दिली. सोमवारी ती मोठी टोपी घालून टॅक्सीत बसली तेव्हा त्यांनी हातही हलवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन ते लॉन्ड्रीच्या फाटकाशी गेले. वॉचमननं त्यांना अडवलं.

"साहेब, तुम्ही इथे कसे? तुम्ही बोटीवर आहात ना? मालकीणबाईंनी सगळ्यांना सांगितलंय. पेढे पण वाटले त्यांनी." त्यानं कौतुकानं त्यांच्याकडे पाहिलं. "आत नाही सोडणार मी तुम्हाला. सुट्टी म्हणजे सुट्टी. पळा, बोट चुकेल."

तारीख मालकीणबाईंना कोणी कळवली, हा विचार तेव्हा करायला हवा होता. पण खांबसाहेबांच्या डोक्यात एकच आलं, की आता आपण बोटीवर आहोत, आणि बोटीवरच्या माणसानं गावात दिसून चालणार नाही. मग सुरू झाला त्यांचा खरा वनवास. दिवसा पडदे लावून बसायचं. भाजी आणायला निघावं तर कोपऱ्यावर लॉन्ड्रीची व्हॅन उभी. एकदा ड्रायव्हर समोरून येताना दिसला आणि खांबसाहेब औषधांच्या दुकानात शिरले. तिथं उगाच उभं राहता येईना म्हणून बोट लागू नये यासाठीच्या गोळ्या घेऊन आले. मास्तरांनी खिडकीतून विचारलं, "हॉटेलची नोकरीही सुटली का?" तेव्हा त्यांनी पडदा ओढून घेतला. नवरा नावाला समुद्रात, बायको खरोखरच समुद्रात, आणि घरात पाव आणि जॅम. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणतात, तसं. फक्त धुपाटण्याशी बोलता येत नव्हतं. दिवसभरात एक शब्दही तोंडातून निघत नसे, आणि फोनही अगदी पहिल्या दिवसासारखाच गप्प होता.

चार दिवसांनी बोट कुठल्याशा बंदराला लागली आणि बायकोचा फोन आला. मागे वारा होता, धाकटीचं हसणं होतं, दूर कुठेतरी बँड वाजत होता.

"कसे आहात? लॉन्ड्री कशी आहे?"

"चाललंय कसंतरी," खांबसाहेब अंधाऱ्या खोलीत ताठ बसून म्हणाले. "मला क्षणाची उसंत नाही. आत्ता कामातच आहे."

पलीकडे धाकटीला काहीतरी सांगून बायको बाजूला गेली असावी, कारण बँडचा आवाज कमी झाला.

"तुमच्या मालकीणबाईंचा त्या गुरुवारीच मला दवाखान्यात फोन आला होता," ती म्हणाली. "तुम्ही घरी पोचायच्या आधीच. म्हणाल्या, साहेबांचा चेहरा फार उतरलाय, त्यांना फिरवून आणा, केव्हाही न्या. चिपचं सांगितलं, दोऱ्यांचं सांगितलं. तारीखही मीच दिली त्यांना. तुमचं तिकीट काढलेलं होतं माझ्याजवळ. शुक्रवार थांबले, शनिवार थांबले. म्हटलं, एकदा खरं बोलतील, मग बॅग भरायला घेऊ. रविवारी ते धाकटीच्या नावावर केलं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खांबसाहेबांना पुढे ढकलायला काही सुचेना. त्यांना रडू आलं. बोटीसाठी नव्हे, लॉन्ड्रीसाठीही नव्हे. ती दोन दिवस थांबली होती, म्हणून.

मग त्यांनी विचारलं, "तिकडे... मी नाही तर चुकल्यासारखं वाटतं का गं तुला?"

"खरं सांगू," ती म्हणाली, "की तुमच्यासारखं सांगू?"

खांबसाहेबांनी नाक पुसलं. पडद्याच्या फटीतून व्हॅन जाताना दिसली, म्हणून सवयीनं खाली वाकले.

"माझ्यासारखंच सांग," ते म्हणाले.

"फार हाल आहेत," ती म्हणाली. "तुमच्यावाचून बोट जागची हलत नाही."

आणि तिनं फोन ठेवला, कारण बोट सुटत होती.